साहेबाच्या दारचा जिताडा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर जवळजवळ अंधार आहे. मागे काळं पाणी आणि पाण्यापलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या दिव्यांची ओळ. अलीकडे पाण्यात शिरलेली एक जेट्टी. तिच्या कठड्याला टेकून दहा-बारा माणसं उभी आहेत, प्रत्येकाच्या पुढे एक लवलवती काठी, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. जेट्टीच्या टोकाला, दिव्याच्या खांबापासून मुद्दाम थोडा लांब, एक सडपातळ चष्मेवाला माणूस उभा आहे. पायाशी बादली. बादलीत जिवंत कोळंबी, आणि ती जिवंत राहावी म्हणून बुडबुडे सोडणारं एक लहानसं यंत्र. बाकीचे आपापल्या दोरीकडे बघताहेत. हा मात्र जेट्टीच्या खांबावरची ओली रेघ बघतोय. पाणी त्या रेघेपर्यंत चढत आलंय, अजून थांबलेलं नाही.

तो प्रीतम. स्थळ सिंगापूरचं वुडलँड्स. काळ दिवाळीच्या आदल्या दिवशीची रात्र. बाजूला घडीच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसलेली म्हातारी म्हणजे मी. चाळीस वर्षं रंगमंचावर उभी राहिले, आता प्रेक्षकांत बसायला मला आवडतं.

बुकित बातोकला आम्ही एकाच ब्लॉकमध्ये राहतो. मी मुलीकडे, निशिगंधाकडे, नवव्या मजल्यावर. तो, त्याची बायको स्मिता आणि त्यांची रोपटी चौथ्यावर. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. संध्याकाळी सातची वेळ, हातात लांब पिशवी, पाठीवर सॅक, अंगावर रेनकोट. मला वाटलं, हा पोरगा नाटकाचं सामान घेऊन चाललाय. मी मराठीतच विचारलं, "काय रे, तालीम की प्रयोग?" तो दचकला, मग हसला. म्हणाला, "तालीमच म्हणायची. प्रयोग अजून लागलेला नाही."

त्यानंतर तो मला मावशी म्हणायला लागला आणि मी त्याच्याकडून मासेमारीच्या गोष्टी काढून घ्यायला लागले. काढून घ्याव्या लागतात. स्वतःहून तो बोलत नाही. रात्रभर उभं राहून हात हलवत परत आला आणि कोणी विचारलं, "काय मिळालं?" तर त्याचं एकच उत्तर ठरलेलं: "पाणी चांगलं होतं."

प्रीतम पेणच्या खारेपाटातला. तिथे समुद्राला बांध घालून जमीन काढलेली असते, आणि बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेताचं पाणी सोडायचं, भरतीला बंद करून समुद्र बाहेर ठेवायचा. त्याचे वडील भीमराव त्या उघाडीवर कामाला होते. म्हणजे बापाने जन्मभर शेतात मीठ येऊ दिलं नाही. आणि मुलगा वन-नॉर्थच्या एका प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्यातलं मीठ गाळून काढणाऱ्या पडद्यांवर संशोधन करतो. "तूही पडद्यातलाच की," असं मी त्याला म्हटलं होतं. त्यावर तो म्हणाला, "आमचा पडदा वर जात नाही मावशी. फाटतो फक्त."

जिताडा हा त्याच्या गावाकडचा मासा. चंदेरी, जाड अंगाचा, मोठ्या जबड्याचा. खाडीच्या तोंडाशी राहतो, आणि पावसाळा सरल्यावर, भात पिकायला लागलं की अंगाने भरतो. हाच मासा सिंगापूरच्या प्रत्येक बाजारात बर्फावर पडलेला असतो. इथे त्याला सियाकाप म्हणतात, आणि तो बहुधा पिंजऱ्यात वाढवलेला, ताटात मावेल एवढाच. मोठा, रानटी जिताडा हवा असेल तर तो आपला आपण गाठावा लागतो, आणि तो माणसाच्या सवडीने येत नाही.

कधी येतो, हे प्रीतमला एकदा मी जेवणाच्या टेबलावर बसवून विचारलं. त्याने नखाने टेबलावर रेघा ओढत सांगितलं. पाणी उधाणाचं हवं, म्हणजे पुनवेच्या किंवा अवसेच्या आसपासचं. त्यातही अवस बरी, कारण चांदण्यात मोठा मासा सावध असतो. भरती अंधार पडल्यावर पुरी व्हायला हवी. मासा चढत्या पाण्यात नाही, पाणी थांबून वळतं त्या घटकेला तोंड उघडतो. दुपारी पाऊस पडून गेलेला हवा, म्हणजे नाल्यांतून गढूळ गोडं पाणी उतरतं आणि त्याच्या मागे लहान मासे. पण वीज नको. वीज असली की जेट्टीवर काठी घेऊन उभं राहणं म्हणजे वेडेपणा. सिंगापूरला शरद ऋतू नाही असं सगळे म्हणतात. प्रीतमचा आहे. ऑक्टोबरात दुपारचे गडगडाट सुरू झाले की त्याचा शरद येतो आणि डिसेंबरची झड लागली की संपतो.

मी म्हटलं, "आमच्याकडे तिसऱ्या घंटेला पडदा उघडायचा. तुझ्या माशाला किती घंटा लागतात रे?"

"सगळ्या वाजल्या तरी एक राहते मावशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मीटिंग नको."

त्या वर्षी त्याच्या आईने, लीलाबाईंनी, पहिल्यांदा विमान पाहिलं. दसऱ्याचा, म्हणजे त्यांच्याकडच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम गावात उरकून त्या महिनाभरासाठी मुलाकडे आल्या. काटक बाई, नऊवारी, कपाळ मोकळं, हातात काम नसलं की अस्वस्थ. आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुनेचं कपाट लावून टाकलं. स्मिता चांगी बिझनेस पार्कमध्ये नोकरी करते. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाऊन येऊन ती अर्धी होते. संध्याकाळी मला लिफ्टपाशी म्हणाली, "मावशी, मला माझे पायमोजे सापडत नाहीयेत, पण घर असं कधीच दिसलं नव्हतं."

पहिल्या रविवारी प्रीतमने आईसाठी बाजारातून तो पिंजऱ्यातला सियाकाप आणला. लीलाबाईंनी शिजवला, खाल्ला, आणि म्हणाल्या, "ह्यो जिताडा नाय. जिताड्याचं पोर हाय. शाळंत घाला त्याला."

प्रीतमने मनात काय धरलंय ते त्या आठवड्यात मला कळलं. खाली बाकावर बसलो होतो. मी सहज म्हटलं, की मी खरा जिताडा खाल्लाय. पेणला आमच्या नाटकाचा दौरा होता, प्रयोगानंतर एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कंपनीला जेवण होतं. परातीएवढ्या ताटलीत अख्खा मासा आला होता. सगळे आधी त्याच्याकडे बघत बसले, मग हात धुऊन आले.

"कुठल्या साली?" प्रीतमने विचारलं.

मी साल सांगितलं.

"मग तो आमचाच असणार," तो म्हणाला आणि हसला.

ते हसणं संपल्यावर त्याने बाकीचं सांगितलं. त्याच्या गावात मोठा जिताडा पकडणाऱ्याचा नसे. उघाडीच्या तोंडाशी, कमरेएवढ्या चिखलात उतरून वडील तो धरायचे, आणि आई पहाटे तो डोक्यावर घेऊन साहेबाच्या दारी पोचवायची. जमिनीच्या नोंदीसाठी तलाठ्याला. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून हेडमास्तरांना. दाखल्यासाठी आणखी कोणाला. घरी निवट्या, खेकडे, काट्याकुट्याची बारीक मासळी. "माझ्या डिग्रीवर विद्यापीठाचा शिक्का आहे मावशी," तो म्हणाला, "पण कागद जरा तिरका धरलात तर खवले दिसतील."

"आणि आईने खाल्ला कधी?"

"आईने कधीच नाही. एकदा विचारलं, कसा लागतो गं मोठा? तर म्हणाली, वजनाला जड लागतो."

म्हणजे त्याला एवढंच करायचं होतं. आईचा भेटीचा पास संपायच्या आत एक मोठा जिताडा स्वतः धरून तिच्या ताटात घालायचा. आईला तो काही बोलला नव्हता. बोलला असता तर तिने म्हटलं असतं, कशाला रात्रीचा जागतोस, त्यापेक्षा झोप.

महिन्यात उधाणं दोन. पहिलं कोजागिरीचं. त्या पुनवेच्या रात्री इथल्या मराठी मंडळाचा दूध आणि गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि त्यानंतरच्या रात्री अशी वीज कडकडली की प्रीतम जेट्टीवरच्या छपराखालून परत आला. "पाणी चांगलं होतं," म्हणाला.

कोजागिरीच्या कार्यक्रमाचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथून निघाला. मंडळाने त्या दिवशी माझा सत्कार ठेवला होता. वय झालेल्या नटीचा सत्कार करण्यात लोकांना आनंद असतो आणि करून घेण्यात नटीला; त्यामुळे कोणी मोडता घालत नाही. शाल, श्रीफळ, एक चांदीचा मोर. मंडळाचे अध्यक्ष सुबोध, एका बँकेत फार वरच्या जागेवर आहेत, त्यांनी वाकून माझ्या पायाला हात लावला. मग त्यांच्या मागून रांगच लागली. मॅनेजर, डायरेक्टर, कोणकोण, सगळे पाया पडून गेले. मी प्रत्येकाला तोंडभर आशीर्वाद दिला. तिसऱ्या ओळीत लीलाबाई मांडीवर दुधाचा पेला धरून बसल्या होत्या आणि हे सगळं नीट बघत होत्या.

राहिलं अवसेचं उधाण. दिवाळीचं. त्यानंतर पाणी भांगावर जाणार, म्हणजे भरतीला जोरच राहणार नाही, आणि पुढच्या उधाणाच्या आत लीलाबाईंचं विमान. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या दोन रात्री प्रीतम जाऊन आला. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री मोठं काहीतरी लागलं, जेट्टीच्या खांबाला वळसा घालून दोरी तोडून गेलं. सकाळी लिफ्टमध्ये भेटला तेव्हा डोळे लाल. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पाणी चांगलं होतं."

"आणि दोरी?"

"दोरी वाईट होती."

तिसऱ्या रात्री मी म्हटलं, मी येते. निशिगंधा वैतागली. "आई, उद्या लक्ष्मीपूजन आहे, तू पंचाहत्तरीची आहेस आणि तिथे डास आहेत." मी म्हटलं, मी बार्शीला उघड्या मैदानात प्रयोग केलेत, वुडलँड्सचे डास माझं काय करणार.

तर असा तो पहिला प्रवेश. दुपारी पाऊस पडून गेला होता. आभाळात वीज नव्हती. चंद्र नव्हता. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सगळ्या घंटा वाजल्या होत्या. प्रीतमच्या शेजारी एक मलाय गृहस्थ उभे होते, निवृत्त बसचालक. सगळे त्यांना पाकचिक म्हणजे काका म्हणत. त्यांनी माझ्याकडे पाहून प्रीतमला इंग्रजीत विचारलं, "युवर मदर?"

"नो, नो. ॲक्ट्रेस."

पाकचिकनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "टुनाइट मस्ट कॅच, लाह. गॉट ऑडियन्स."

पाणी रेघेपर्यंत आलं, पण थांबायला तयार नव्हतं. मध्यरात्र जवळ येत चालली. प्रीतमने घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला कळलं. मी उठले. "मी जाते. तू थांब."

"मावशी, मी सोडतो तुम्हाला—"

"खुळा आहेस का? नट एन्ट्रीच्या वेळी प्रेक्षकाला घरी सोडायला जातो?"

टॅक्सीपर्यंत तो आलाच. माझ्या खुर्चीची घडी घालून डिकीत ठेवली आणि पळत परत गेला. म्हणजे आयुष्यभर ज्यांना मी नावं ठेवली, त्या तिसरा अंक टाकून घरी जाणाऱ्या प्रेक्षकांतली मी झाले. मासा कसा लागला ते मी पाहिलं नाही. नंतर ऐकलं तेवढंच: पाणी वळलं, दिव्याच्या उजेडाची कड जिथे संपते तिथे एक डोळा निखाऱ्यासारखा चमकला, आणि काठी वाकली. पाकचिकनी हातजाळं धरलं. दोघांना मिळून तो वर घ्यावा लागला.

पहाटे प्रीतम घरी पोचला, मासा सिंकमध्ये बर्फावर ठेवला आणि कपडेही न बदलता झोपला.

दुसरा प्रवेश आमच्या घरी. सकाळची वेळ. आमच्याकडे अभ्यंगस्नानं उरकली होती, जावई, म्हणजे रोहन, कंदील लावत होता, निशिगंधा देवघरापाशी रांगोळी काढत होती. बेल वाजली. तिने दार उघडलं आणि तिथूनच म्हणाली, "आई, लवकर ये." आवाज असा, की मला वाटलं कोणी पडलं.

दारात लीलाबाई. धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. दोन्ही हातांवर, बाळाला धरावं तसं, सुपरमार्केटच्या पिशव्यांत गुंडाळलेलं काहीतरी. एका टोकाने शेपूट बाहेर आलं होतं, पंख्याएवढं.

"जय भीम, बाईसाहेब."

"जय भीम, लीलाबाई. अहो, या, आत या."

"आत नको. पोरगं झोपलंय, त्यो उठायच्या आत जाते. ह्यो तुमच्यासाठी."

आणि त्यांनी तो मासा माझ्या हातावर ठेवला. मी खाली वाकलेच. वजनाला जड लागतो, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. निशिगंधाने रांगोळीची वाटी उचलून छातीशी धरली. तिच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि संध्याकाळी लक्ष्मी यायची होती.

"माझ्यासाठी? का हो?"

लीलाबाईंनी आवाज खाली आणला. "त्याचा पास संपत आलाय. कामाचा. फोनवर सुनेशी बोलत व्हता, मी ऐकलं. कंपनीनं कागद भरलाय म्हनं. पन कागद नुसता भरून काय व्हतं? पुढं कुनीतरी सरकवायला लागतो."

"अहो, पण मी त्यात काय करणार?"

"पयल्यांदा सगळे असंच बोलतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "मासा ठेवून घेतात आन् बोलतात, मी काय करनार."

मी त्यांना सांगून पाहिलं. इथे असं चालत नाही, पास कॉम्प्युटरवर होतो, कोणाच्या दारी काही द्यायचं तर नाहीच. मी कोणी अधिकारी नाही, नाटकात काम करणारी बाई आहे. त्या ऐकत होत्या, पण लहान मुलाचं ऐकावं तशा.

"ते बँकेचे मोठे साहेब तुमच्या पाया पडले का नाय? मी बघितलं. मोठा साहेब ज्याच्या पाया पडतो त्यो कोन?"

म्हातारी नटी असं उत्तर त्यांनी मानलं नसतं. मासा परत करावा, तर त्या समजणार की साहेबाने मासा नाकारला, आता पास गेला. ठेवून घ्यावा, तर प्रीतमने ज्याच्यासाठी रात्री काढल्या ते माझ्या हातावर असं वितळत होतं. खरंच वितळत होतं. बर्फाचं पाणी माझ्या कोपरावरून नव्या साडीवर गळत होतं.

शेवटी मी म्हटलं, "बरं. घेतला मी. माझा झाला ना आता?"

"झाला."

"मग माझं ऐकायचं. या घरात मासा शिजत नाही. तुम्ही तुमच्याकडे शिजवा. मी दुपारी जेवायला येते. तुम्ही आणि मी शेजारी शेजारी बसायचं आणि खायचं."

"तुम्ही माझ्याकडं जेवनार?"

"हो."

"माझ्याबरोबर बसून?"

"मग काय, तुम्ही वाढणार आणि मी एकटी हादडणार?"

त्यांनी माझ्या चेहऱ्यावर बराच वेळ काहीतरी शोधलं. ते काही सापडलं नसावं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"मंग तुम्ही साहेब नाय," त्या म्हणाल्या. "द्या माझा जिताडा."

मी गुमान दिला. आयुष्यात मी बऱ्याच भूमिका केल्या; इतक्या झटपट भूमिका काढून घेतली गेली नव्हती. मागे रोहन शिडीवर उभा राहून हसू दाबत होता.

त्या वळल्या, तेव्हा मी म्हटलं, "लीलाबाई, तो मासा त्याने तुमच्यासाठी धरलाय. तुम्ही आल्यापासून त्यासाठीच जातोय तो. तुम्ही मोठा कधी खाल्ला नाहीत म्हणून."

त्या लिफ्टपाशी थांबल्या. पाठमोऱ्याच. "मला बोलला नाय."

"तुम्हाला काय बोलतो?"

"पाणी चांगलं व्हतं, बोलतो." आणि लिफ्टचं बटण दाबत, "बापाचं तोंड हाय त्याला. त्याचा बाप पन असाच. बांध फुटला तरी घरी येऊन बोलायचा, भूक लागलीय."

लिफ्ट आली. त्या मासा घेऊन आत गेल्या. दार बंद होता होता त्यांचा आवाज आला, "दुपारी या. साडी बदलून या."

तिसरा प्रवेश चौथ्या मजल्यावर. सगळीकडे चिंचेचा आणि तळणीचा वास. प्रीतम नुकताच उठला होता; आपण झोपलो असताना मासा नवव्या मजल्यावर जाऊन आलाय, हे स्मिताने त्याला सांगितलं होतं. जमिनीवर सतरंजी घातली होती. भात, जिताड्याचं कालवण, तळलेल्या तुकड्या. आणि एका वेगळ्या थाळीत डोकं.

त्या डोक्याने पहिली दहा मिनिटं खाल्ली. लीलाबाईंनी ते प्रीतमच्या ताटात ठेवलं. प्रीतमने उचलून आईच्या ताटात ठेवलं. त्यांनी ते माझ्या ताटात ठेवलं, पाहुणी म्हणून. मी परत त्यांच्या ताटात. त्यांनी पुन्हा मुलाकडे हात नेला, तेव्हा स्मिताने पातेल्यावर डाव वाजवला.

"आई, तुम्ही खाल्लं नाहीत ना, तर मी हे डोकं आत्ताच्या आत्ता पेणच्या तलाठ्याला कुरियर करीन."

"त्यो मेला कवाच."

"त्याच्या मुलाला करीन!"

लीलाबाई हसल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं. मग त्यांनी पदर खोचला, डोकं ताटात नीट फिरवून घेतलं आणि खायला सुरुवात केली.

आम्ही तिघांनी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही. त्या घाईने खात नव्हत्या आणि मजेनेही खात नव्हत्या. एखादं काम समजून घेत करावं तशा खात होत्या. गालाचा तुकडा काढला. जबडा उकलला. हाडं ताटाच्या कडेला एकावर एक लावली. प्रीतम समोर बसून स्वतःच्या ताटातला भात नुसता कालवत होता.

"कसा आहे?" शेवटी त्याने विचारलं.

लीलाबाईंनी एक हाड उजेडाकडे धरून बघितलं.

"काटा मोठा हाय ह्याला," त्या म्हणाल्या. "बारीक काटाच नाय. सोपा हाय खायला." आणि ते हाड ताटाच्या कडेला ठेवत, "साहेब लोकांना म्हनूनच आवडत असंल."

मग त्यांनी आणखी भात मागितला. स्मिताने वाढला. त्यावर कालवण घेतलं, तुकडी घेतली. मलाही ताट स्वच्छ होईपर्यंत उठू दिलं नाही.

प्रीतमचा पास पुढे दोन आठवड्यांनी आला. कामाच्या दिवशी दुपारी, ईमेलवर. त्याच्याशी माझा किंवा कुठल्याही माशाचा काही संबंध नव्हता. लीलाबाईंना गावी फोन करून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरं झालं. पण मी साहेब नव्हते याबद्दल त्यांचं मत अजून पक्कं आहे, आणि फोनवर त्या मला आता बाईसाहेब म्हणत नाहीत, माई म्हणतात.

जेवणाच्या त्या दुपारी प्रीतम मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. अंगावर कालच्याच टी-शर्टची सुरकुती, हाताला दोरीने कापल्याचा लाल वळ. मी म्हटलं, "झालं ना तुझं काम? लागला प्रयोग. आता थोडे दिवस रात्रीची झोप घे."

त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी बघितलं, परत ठेवला.

"पुढच्या शनिवारी आईला घेऊन जातोय मावशी. पाणी भांगाचं आहे, मोठं काही लागायचं नाही. पण ती म्हणते, तुला गरी टाकताच येत नाही."